आधी गारवा, मग रुग्णालय

चैत्र लागला की मुंबईहून निघालेल्या साईपालख्या कसारा घाट चढून घोटी, सिन्नरमार्गे शिर्डीच्या वाटेला लागतात. जवळपास अडीचशे किलोमीटरची ही वाट पदयात्री काही दिवसांत पार करतात, अनेक जण तर अनवाणी. वाटेवर चहा, नाश्ता, जेवण यांची सोय गावोगावी होते. मात्र चालता चालता उन्हाने कुणी बरळू लागला किंवा कोसळला, तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचे, याची तेवढी तयारी दिसत नाही. उष्माघाताचा निकाल मात्र बहुतेक वेळा याच अर्ध्या तासात लागतो.

रामनवमीची तारीख दरवर्षी बदलते. 2023 मध्ये ती 30 मार्चला होती, तर 2024 मध्ये 17 एप्रिलला. अधिक महिना येऊन गेला की उत्सव पुढे सरकतो आणि पदयात्रा उन्हाच्या ऐन तडाख्यात सापडते. 2026 मधील अधिक ज्येष्ठानंतर 2027 ची रामनवमी पुन्हा एप्रिलच्या मध्यावर येते. म्हणजे कोणत्या वर्षी जास्त सावध राहायचे, हे पंचांगच आधी सांगते.

केवळ पाऱ्याचा आकडा पाहून निर्धास्त होणे मात्र घातक ठरते. हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान 40 अंशांवर जाऊन ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला, तेव्हा तापमान 38 अंशांच्या आसपास होते. तरीही उघड्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला. दमट हवा, गर्दी आणि सावलीचा अभाव यांनी पाऱ्याची उणीव भरून काढली. 2024 च्या हज यात्रेत मक्केतील पारा 51 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यांपैकी 83 टक्के यात्रेकरू अधिकृत नोंदणी नसलेले होते. निवाऱ्याविना, भर उन्हात ते लांबवर चालत गेले होते. ऊन सगळ्यांना सारखेच होते, सोय सारखी नव्हती.

शरीर स्वतःला थंड ठेवते ते मुख्यतः घामाने. घाम त्वचेवरून वाळताना उष्णता घेऊन जातो. चालणाऱ्याचे स्नायू आतून उष्णता तयार करत असतात आणि बाहेरून ऊन व तापलेला रस्ता त्यात भर घालतात. पाणी आणि मीठ कमी पडले की आधी पायात गोळे येतात, डोके दुखते, मळमळते, गरगरते. या टप्प्यावर सावलीत आडवे करून मीठ-साखरेचे पाणी दिले, तर माणूस बहुधा सावरतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण घरातल्या छोट्या चमच्याने मोजावे. ताक, पन्हे, लिंबूपाणीही चालते.

याकडे दुर्लक्ष झाले, तर शरीराचे आतले तापमान 40 अंशांच्या पुढे जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, तोल जातो, झटके येतात, शुद्ध हरपते. हा उष्माघात. अंग कोरडे पडले तरच उष्माघात, असा समज आहे. पण चालण्याच्या श्रमाने आलेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. अशा वेळी तापाच्या गोळीचा उपयोग होत नाही, कारण हा संसर्गाचा ताप नाही. खिशातला कांदाही वाचवत नाही.

त्याहून घातक समज म्हणजे तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी ओतू नये हा. उष्माघातात नेमके तेच करायचे असते. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर सतत पाणी ओतावे आणि वारा घालावा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा व जांघेत ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत आणि रुग्णालय गाठेपर्यंत अंग थंड करणे थांबवू नये. नुसता गाडीत घालून पळवलेला रुग्ण वाटेतच मेंदू, मूत्रपिंड आणि यकृत गमावू शकतो.

काहींना धोका जास्त असतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणारे, मानसिक आजारांवरची काही औषधे घेणारे, हृदय व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, पण औषध परस्पर बंद करू नये. हवा चाळिशीत असताना डांबर 60 अंशांपर्यंत तापू शकते. जुन्या मधुमेहींच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते. पाय भाजला तरी त्यांना कळत नाही आणि त्या जखमेचा शेवट कधी कधी बोट किंवा पाऊल कापण्यात होतो. मधुमेहींनी अनवाणी चालू नये.

रात्रीचा मुक्कामही महत्त्वाचा. कॅनडात 29 जून 2021 रोजी लिटन गावात पारा 49.6 अंशांवर गेला आणि दुसऱ्याच दिवशी वणव्याने ते गाव जवळजवळ राख केले. जगाने ती आग पाहिली. पण त्या लाटेत ब्रिटिश कोलंबिया प्रांतात उष्णतेने दगावलेल्या 619 जणांपैकी 98 टक्के घरांत किंवा इमारतींत होते, बहुतेक वयस्क. रात्री शरीर निवले नाही की दुसऱ्या दिवसाचे ऊन सोसत नाही. म्हणून पालखीचा मुक्काम बंदिस्त पत्र्याच्या शेडपेक्षा हवेशीर जागी हवा.

आयोजकांनी करायचे ते फार खर्चिक नाही. पहाटे निघून दहाच्या आत थांबावे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा चालावे. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून निघण्यापूर्वी थोडे थोडे चालण्याचा सराव ठेवावा. प्रत्येक थांब्यावर सावलीचा मांडव, पाण्याचे पिंप, बर्फ, चादरी आणि हे सारे वापरायला शिकलेले दोन स्वयंसेवक असावेत. अन्नदानाला हात सैल सोडणाऱ्या या वाटेला एवढे जड नाही. ज्याला चालवत नाही, त्याला गाडीत बसवण्यात कमीपणा नाही, हे मात्र पालखीप्रमुखांनीच निघताना सर्वांदेखत सांगावे. डॉक्टरांपेक्षा त्यांचा शब्द पदयात्री लवकर ऐकतील.