पेटंटला अपात्र, परवान्याला पात्र

भारताच्या पेटंट कायद्याचे कलम ३(ब) सांगते की ज्या शोधाचा वापर सार्वजनिक सुव्यवस्थेला किंवा नीतिमत्तेला बाधक ठरेल, त्याला पेटंट मिळणार नाही. पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शिकेत या कलमाची उदाहरणे दिलेली आहेत: चोरी-घरफोडीचे साधन, खोट्या नोटा छापण्याचे यंत्र, आणि त्यांच्याच रांगेत जुगाराचे यंत्र. देशाच्या लेखी जुगाराचे यंत्र बनवणारा आणि कुलूप फोडण्याचे हत्यार बनवणारा एकाच बाकावर बसतात. तेच यंत्र गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की सरकारी परवान्याने, सरकारी शुल्क भरून, गालिच्यावर उभे राहते. हा शुद्ध ढोंगीपणा आहे आणि त्याची किंमत सीमेच्या अलीकडचे आम्ही लोक मोजतो.

सिंधुदुर्गात कसालच्या तिठ्यावर माझे नळ, पाइप आणि सॅनिटरी सामानाचे दुकान आहे. मालवणचा रस्ता इथून फुटतो आणि महामार्ग ओरोस, कुडाळ, झाराप, बांदा करत गोव्याला जातो. कोण कुठे निघाला हे इथल्या दुकानदाराला विचारावे लागत नाही. पूर्वी आमची पोरे गोव्याला जात ती नोकरीला. आता पगार झाला की चार जण मिळून गाडी काढतात ती मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींकडे. अशाच एकाने परत आल्यावर मला सांगितले, "काका, थोडक्यान चुकला. दोन सात इले, तिसरो जरासो वयर र्‍हवलो." त्याच्या घरी न्हाणीचे काम काढले होते. टाइल्सचे पैसे तिकडे गेले आणि त्याची आई अजून उघड्या गटारीशेजारी पाण्याचे भाण तापवते. बोलताना त्याच्या चेहऱ्यावर पश्चात्ताप नव्हता, पुढच्या खेपेची खात्री होती. ही खात्री त्याच्या डोक्यात आपोआप उगवलेली नाही. कोणीतरी ती शोधून काढली, तिचे आराखडे काढले आणि सरकारदरबारी नोंदवली. तिला क्रमांक आहे: अमेरिकी पेटंट ४४४८४१९.

इंगे टेल्नेस या नॉर्वेजियन गणितज्ञाला हे पेटंट १५ मे १९८४ रोजी मिळाले. त्याआधीचे स्लॉट यंत्र समजायला सोपे होते. तीन चाके, प्रत्येकावर समजा २२ घरे. चाक फिरते, थांबते, डोळ्यांना जे दिसते तेच गणित असते. तीन सात एका ओळीत येण्याची शक्यता २२ गुणिले २२ गुणिले २२, म्हणजे १०,६४८ मध्ये एक. यात मालकाची अडचण अशी की मोठे बक्षीस लावायचे तर शक्यता कमी करावी लागते, शक्यता कमी करायची तर चाके मोठी करावी लागतात, आणि मोठी चाके पाहून माणूस सावध होतो. टेल्नेसने चाक तेवढेच ठेवले आणि निर्णय चाकाच्या हातून काढून घेतला. आत एक इलेक्ट्रॉनिक आकडेजनक बसवला. तो, समजा, ६४ आकड्यांतून एक उचलतो. सातच्या घराला त्यातला एकच आकडा दिलेला असतो. कमी मोलाच्या आणि रिकाम्या घरांना अनेक. डोळ्यांना घरे दिसतात २२, खरी असतात ६४. तीन चाकांचे गणित होते २,६२,१४४ मध्ये एक. दिसणारी शक्यता आणि खरी शक्यता यांत चोवीस पटींहून जास्त अंतर पडते, आणि काचेवर त्याचा मागमूस नसतो.

सातच्या लगेच वरच्या आणि लगेच खालच्या रिकाम्या घरांना ढीगभर आकडे दिले की चाक पुन्हा पुन्हा तिथेच थांबते. सात ओळीच्या जरासा वर दिसतो, नाहीतर जरासा खाली. आमच्या पोराला जो "थोडक्यान चुकला" असा डाव वाटला तो इतर कुठल्याही हरलेल्या डावासारखाच हरलेला होता. पण केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूचे चित्रण करून दाखवले की असा हुकलेला डाव मेंदूच्या त्याच भागांना जागे करतो, जे जिंकल्यावर जागे होतात. माणूस हरतो आणि मेंदूत जिंकल्याची खूण उमटते. त्याच्या हट्टाला मी त्याचा दोष मानत नाही.

टेल्नेसने काही लपवले, असा आरोप मला करता येत नाही. पेटंटच्या मजकुरातच उद्देश सरळ मांडला आहे: कायद्याच्या मर्यादेत राहून, यंत्रात जिंकण्याची जेवढी शक्यता आहे तिच्यापेक्षा जास्त ती खेळणाऱ्याला भासावी, असे यंत्र बनवणे महत्त्वाचे आहे. फसवणुकीचा हेतू अर्जात लिहिला, परीक्षकाने वाचला आणि शिक्का मारला. पुढे हे पेटंट आयजीटी या बड्या कंपनीच्या हाती गेले आणि त्यावर सारा धंदा उभा राहिला. त्याची मुदत या शतकाच्या सुरुवातीलाच संपली. आता ती युक्ती कोणीही फुकट वापरावी. आजच्या पडद्यावरच्या चाकांना तर घरांची मर्यादाच उरलेली नाही.

अमेरिकेलाही एकेकाळी याची लाज होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या चार्ल्स फेने 'लिबर्टी बेल' हे तीन चाकांचे यंत्र १८९० च्या दशकात बनवले, पण त्याला पेटंटचे संरक्षण नव्हते. जुगाराच्या साधनांना पेटंट देणे तिथली न्यायालये त्या काळी नीतीच्या कारणाने नाकारत. ही लाज १९७७ मध्ये संपली. एक्स पार्टे मर्फी या प्रकरणात पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळाने सांगितले की केवळ जुगाराचे आहे म्हणून यंत्राला पेटंट नाकारता येणार नाही. त्यानंतर सातच वर्षांत टेल्नेसचे पेटंट आले. पुढे नेवाडाच्या नियामकांसमोर युनिव्हर्सल या जपानी कंपनीची यंत्रे आली. त्यांतली आज्ञावली हरलेला डाव ठरल्यावर मुद्दाम हुकल्याचे चित्र दाखवत होती. नियामकांनी ती बंद करायला लावली. टेल्नेसच्या रचनेतून तेच चित्र आपसूक आणि वारंवार निघते, ते मात्र चालू दिले. चोराने कडी काढली तर गुन्हा आणि दारच तसे बनवून घेतले तर व्यापार, असा हा न्याय आहे.

आता माझ्या दुकानातल्या मालाकडे या. न्हाणीच्या जाळीखाली, संडासाच्या भांड्याखाली जो वाकडा ट्रॅप असतो, ज्यात थोडे पाणी साचून राहते आणि गटाराची घाण हवा घरात येत नाही, तोही एका पेटंटातून आला. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ मध्ये लंडनला ते घेतले. ट्रॅप चुकीचा बसला तर दुपारपर्यंत घरात वास येतो आणि गिऱ्हाईक संध्याकाळी माझ्या काउंटरवर उभे असते. नळाची वायसर झिजली की थेंब टपकतो, तो लहान मुलालाही दिसतो. पेटंट ही कल्पना अशा वस्तूंसाठी जन्मली: तू तुझी युक्ती समाजाला पूर्ण उलगडून सांग, समाज तुला काही वर्षे मक्ता देईल, नंतर ती सगळ्यांची. बिघाड कुठे आहे हे वापरणाऱ्याला कळता कामा नये, यासाठी केलेल्या शोधालाही तोच सन्मान देणे हा त्या घड्याळजीचा अपमान आहे.

आमच्याकडे तर याहून मोठे उदाहरण आहे आणि ते कसालपासून अर्ध्या तासावर आहे. कणकवलीचा गोपुरी आश्रम १९४८ मध्ये आप्पासाहेब पटवर्धनांनी उभारला. तत्त्वज्ञान शिकलेला, जन्माने ब्राह्मण असलेला हा माणूस मैला उचलायचे काम स्वतः मागत होता. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांना ते काम करू दिले नाही म्हणून त्यांनी उपोषण केले आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्न सोडले. त्याच हट्टातून 'गोपुरी संडास' आला: माणसाचा मैला दुसऱ्या माणसाने डोक्यावर वाहू नये, तो माती आणि पाल्यापाचोळ्याखाली कुजून सोनखत व्हावा, ते शेताला जावे. मैल्यापासून गॅस काढायच्या कामातही त्यांनी हात घातला. तोच धागा देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी आयुष्यभर पुढे नेला आणि त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने आमच्याच जिल्ह्यात गावोगाव गोबरगॅस बसवले. २०१६ च्या केंद्राच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणात मैदानी जिल्ह्यांत सिंधुदुर्ग देशात पहिला आला, तो या मातीत आधीच कोणीतरी खपले होते म्हणून. आप्पांना आपल्या संडासावर मक्ता नको होता. तो जितका नकलला जाईल तितका त्यांना हवा होता.

एका बाजूला आप्पांची बुद्धी आणि दुसऱ्या बाजूला टेल्नेसची, आणि आमच्या सरकारांनी पैसा कुठल्या बाजूला शोधला ते पाहा. १९७६ मध्ये गोव्याने जुगारबंदीचा कायदा केला. १९९२ मध्ये त्यालाच कलम १३(अ) जोडून पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे चालवायची वाट उघडली आणि १९९६ मध्ये पाण्यावरच्या बोटींनाही मुभा दिली. महाराष्ट्रानेही त्याच १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा करून ठेवला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करायचे ठरले. त्या निर्णयाचे मी मनापासून स्वागत केले, आजही करतो. केंद्राने कॅसिनोत पैजेसाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी लावला, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. २०२५ मध्येच संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. मोबाइलवरचा जुगार संसार बुडवतो हे दिल्लीला पटले, मग मांडवीत तरंगणारा संसार बुडवत नाही का? कर वाढवून पाप धुतले जात नाही. त्याने सरकार फक्त भागीदार होते.

मला सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे. गोवा सरकारने आपल्या माणसांची घरे वाचवली. ते योग्यच केले. पण याचा अर्थ काय होतो? हे विष आहे हे त्या सरकारला पुरते ठाऊक आहे. ठाऊक असूनही ते शेजाऱ्याला वाढले जाते. पेडण्याचा तरुण दारातून परत जातो आणि बांद्याचा, कुडाळचा, कसालचा एकवीस वर्षांचा तरुण पर्यटक म्हणून आत घेतला जातो. एकच नदी तेरेखोल, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. देव एक, दशावतार एक, सोयरिकी दोन्ही तीरांवर. आमच्या मंत्र्यांनी, खासदारांनी, आमदारांनी यावर गोव्याच्या मुख्यमंत्र्यांकडे एकदा तरी खणखणीत आवाज उठवायला हवा होता.

"आमचीच पोरे तिथे नोकरीला आहेत" हे मला सुनावले जाते. आहेत, आणि त्यांच्या कष्टाला मी नाव ठेवत नाही. पण ज्या धंद्यात एका भावाचा पगार दुसऱ्या भावाच्या पगारातून निघतो त्याला रोजगारनिर्मिती म्हणायला माझी जीभ उचलत नाही. दुसरे ऐकवले जाते की खेळणारा स्वखुशीने खेळतो. स्वखुशी कशावर? त्याला २२ घरे दाखवली, ६४ लपवली. मी अर्ध्या इंचाचा पाइप पाऊण इंचाचा म्हणून विकला तर ग्राहक आयोग माझे ऐकून घेणार नाही, आणि गिऱ्हाइकाने पाइप स्वखुशीने घेतला होता हा माझा बचाव चालणार नाही.

ही यंत्रे बंदच व्हावीत हे माझे म्हणणे आहे. जे पेटंट कार्यालयाच्या नीतीत बसत नाही ते कुठल्याही राज्याच्या परवान्यात बसता कामा नये. तो दिवस येईपर्यंत दोन गोष्टी मात्र उद्याच करता येतात. गोव्याने जी बंदी आपल्या रहिवाशांना लावली ती सिंधुदुर्ग, कारवार आणि बेळगावच्या रहिवाशांनाही लावावी. ओळखपत्र दारात तपासलेच जाते. आणि प्रत्येक यंत्राचा गणिती तक्ता निर्मात्याकडे असतो, धंद्यात त्याला पार शीट म्हणतात, तो उघडा करावा. दिसणारी घरे किती, खरी किती, मोठे बक्षीस किती लाखांत एकदा, हे यंत्राच्या काचेवर मराठीत आणि कोकणीत, त्या तीन सातांच्या आकाराच्या अक्षरांत रंगवावे. जो परवानाधारक रंगवायला नकार देईल त्याचा परवाना त्याच दिवशी काढून घ्यावा.