दुसऱ्याचा दर आधी आपल्या पोटाला लावा

१९३८ साली पवनारला जाण्याआधी विनोबा वर्ध्याला खेटून असलेल्या आपल्या नालवाडीत राहत. सूत कातणाऱ्या मजुराला मिळते तेवढ्याच मजुरीवर पोट भरायचे, असे त्यांनी तिथे ठरवले. तासन् तास कातूनही ती मजुरी पोटाला पुरेना. खोट मजुराच्या कामात नव्हती, दरात होती. १९३५ साली चरखा संघानेही जगण्यापुरती मजुरी देण्याचे धोरण घेतले.

आता आपले पाहा. कापसाला भाव मिळावा म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, ते रास्तच आहे. पण वेचणाऱ्या बाईला किलोमागे दोन रुपये वाढवून द्या म्हटले, की तोंडे वाकडी होतात. शेतकऱ्याची ओढाताण कबूल. पण बाजाराने आपल्याला मारले म्हणून आपण मजुराला मारायचे, हा कुठला हिशेब? रोजगार हमीचे मस्टर अडवून ठेवणाऱ्या साहेबांनीही पंधरा दिवस बिनपगारी घर चालवून पाहावे.

दुसऱ्याला लावायचा दर आधी स्वतःला लावून पाहावा. एवढा त्याग केला, तर मिळालेले यश निदान कोणाच्या पोटावर पाय देऊन आलेले नसेल.