घराला चाकं असणं: कुणाची हौस, कुणाचा गुन्हा

'टायनी होम' म्हणजे चिमुकल्या घराच्या छायाचित्रांत एक नमुना हमखास दिसतो. गोल छपराची, कोरीव लाकडाची, हिरव्या-तांबड्या रंगांनी मढवलेली चाकांवरची खोली. आत छोटी लोखंडी शेगडी, मागच्या बाजूला आडवा पलंग, पलंगाखाली कपाट. खाली ओळ असते: 'जिप्सी कॅराव्हॅनवरून प्रेरित'. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अशी घरं विकली जातात आणि सुट्टीपुरती भाड्यानेही मिळतात. साधं जगावं, कमी वस्तूंत राहावं, कर्जातून मोकळं व्हावं, हा विचार त्यामागे असतो. विचार वाईट नाही. पण आपल्या वाचकांपैकी काहींचे आजी-आजोबा पालात जन्मले आणि काहींचं बिऱ्हाड आजही गाढवाच्या पाठीवरून किंवा टेम्पोतून फिरतं. त्यांनी 'प्रेरित' या शब्दापाशी जरा थांबायला हवं.

ही गाडी रोमानी लोकांची. ब्रिटनमध्ये तिला 'वार्डो' म्हणतात. रोमानी लोक त्या देशात सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहेत, पण गाडीत राहू लागले ते बरंच नंतर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला. त्याआधी त्यांचं घर म्हणजे हेझलच्या लवचिक काठ्या वाकवून वर घोंगडी-ताडपत्री टाकलेला तंबू. आपलं पालच म्हणा. त्यामुळे 'प्राचीन जिप्सी गाडी' असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. ही औद्योगिक काळातली वस्तू आहे आणि बऱ्याचदा बनवणारे सुतार रोमानी नव्हतेच. रेडिंग गावच्या डंटन यांच्या कारखान्यातून निघालेली 'रेडिंग' गाडी, लीड्सजवळच्या बिल राइट यांची गोल छपराची 'बो-टॉप', बर्टनची 'बर्टन' गाडी, ही नावं कारागीर आणि गावांवरून पडली आहेत. पण काय हवं, कसं हवं, कुठे किती सोनेरी वर्ख लावायचा, हे ठरवणारं कुटुंब रोमानी असायचं.

दहा-एक फुटांच्या लांबीत संसार बसवायचा म्हणजे प्रत्येक इंचाला कारण लागतं. दार पुढे, घोड्याच्या बाजूला. शेगडी आत शिरल्यावर डाव्या हाताला, म्हणजे धुराडं गाडीच्या उजव्या अंगाला येतं. ब्रिटनमध्ये गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात. धुराडं डावीकडे असतं तर झाडांच्या फांद्यांत अडकलं असतं. मोठी माणसं मागच्या पलंगावर, पोरं त्याखालच्या कप्प्यात. रोजचं रांधणं शक्यतो बाहेर, जाळावर. मालक मेला की त्याची गाडी सामानासकट जाळण्याची रीत अनेक कुटुंबांत होती. आजच्या टायनी होमच्या आराखड्यात यातलं जवळपास सगळं दिसतं. शेवटची रीत मात्र नाही, कारण तिथे घर ही पुन्हा विकायची मालमत्ता असते.

आणखी एक गोष्ट बदलते. टायनी होममध्ये संडास आतच असतो आणि त्याचं मोठं कौतुक होतं. जुन्या वळणाच्या रोमानी कुटुंबाला राहत्या गाडीत संडास ही कल्पनाच किळसवाणी वाटेल. भांडी धुण्याचं पातेलं वेगळं, अंग धुण्याचं वेगळं, ही शिस्त त्यांच्यात कडक आहे. ती मोडून जे अशुद्ध ठरतं, त्याला ते 'मोखाडी' म्हणतात. हे वाचून आपल्या कानांत विटाळ हा शब्द वाजल्याशिवाय राहत नाही. हे नियम भारतातून गेले की युरोपात शत्रूच्या गराड्यात राहताना घडले, यावर अभ्यासकांत एकमत नाही. या नियमांचा जाच बाईला जास्त होतो, हेही विसरायचं कारण नाही. शोषित समाजाची प्रत्येक रीत पवित्र मानावी असं आम्हाला वाटत नाही, आपली तर नाहीच नाही. मुद्दा इतकाच की 'प्रेरणा' घेणाऱ्याने घराचा आकार उचलला. त्या घरात माणसं कशी राहत, हे विचारलं नाही.

मराठीत अशा उचलण्याला एक तयार शब्द आहे, 'उचलेगिरी'. तो आम्ही वापरणार नाही. ते एका जमातीच्या कपाळावर कायद्याने मारलेल्या शिक्क्याचंच रूप आहे.

रोमानी लोकांचं आपल्याशी नातं आहे, आणि ते कल्पनेतलं नाही. त्यांची भाषा हिंदी-मराठीच्याच कुळातली. साधारण हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून पश्चिमेकडे गेले. रोमानीत घराला 'खेर' म्हणतात, ते आपल्या 'घर'चंच भावंड. रस्त्याला ते 'द्रोम' म्हणतात, तो शब्द ग्रीक. आणि 'वार्डो' हा शब्द कॉकेशसमधल्या ओसेट या इराणी गटातल्या भाषेशी जोडला जातो. घराचा शब्द त्यांनी इथून नेला. रस्त्याचा आणि गाडीचा वाटेत मिळाला. त्यांचं 'रोम' हे नाव 'डोम' या शब्दातून आलं, असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. बनारसच्या घाटावर चितेची आग सांभाळणारी जात ती हीच. फेब्रुवारी 2016 मध्ये दिल्लीत आंतरराष्ट्रीय रोमा परिषद भरली, तेव्हा तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी रोमांना भारताची लेकरं म्हटलं. ठीक आहे. पण सातासमुद्रापारच्या डोमाला लेकरू म्हणणारा देश घाटावरच्या डोमाला काय म्हणतो, हे बनारसला जाऊन पाहता येतं. रोमा हे मुळात राजपूत योद्धे होते, असं सांगण्याची हौस आपल्याकडे जोरात आहे. तिच्यामागचं कारणही तेच असावं.

मराठी वाचकाला 'जिप्सी' हा शब्द भेटला तो मंगेश पाडगावकरांच्या 1953 च्या कवितासंग्रहाच्या नावात, मुक्त मनाचं रूपक होऊन. नंतर भेटला तो मारुतीच्या गाडीवर. ती गाडी पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरली, तीत बसून ते पालांवर छापे घालायलाही गेले.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. इंग्लंडने 1530 मध्ये 'इजिप्शियन्स' कायदा करून रोमानींना देशाबाहेर काढायचं ठरवलं. 1554 मध्ये देश न सोडणाऱ्याला फाशीची तरतूद झाली. युरोपातही वेगळं नव्हतं. आजच्या रुमानियाच्या प्रदेशात रोमा 1856 पर्यंत गुलाम होते, विकले जात होते. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाने 1758 पासून त्यांच्या घोडे-गाड्या बाळगण्यावरच बंदी आणली. नाझींनी त्यांना छावण्यांत मारलं. 2 ऑगस्ट 1944 च्या रात्री आउश्वित्झमधल्या 'जिप्सी कुटुंब छावणी'तली सुमारे 4,300 माणसं गॅस चेंबरमध्ये गेली. 1958 मध्ये चेकोस्लोव्हाकियाने भटकं जीवन कायद्यानेच बंद केलं. आज युरोपातले बहुसंख्य रोमा गाडीत नव्हे, स्थिर वस्त्यांत राहतात, तेही गावाच्या कडेला. गाडी हे सगळ्या रोमांचं घर कधीच नव्हतं. मन मोकळं करणाऱ्या 'जिप्सी जीवना'च्या चित्रात हे बसत नाही.

1885 साल घ्या. त्या साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या, नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने ब्रिस्टलच्या कारखान्यातून स्वतःसाठी एक ऐसपैस गाडी बनवून घेतली. नाव ठेवलं 'वाँडरर', म्हणजे भटक्या. तो नोकरचाकर घेऊन देशभर फिरला, त्यावर पुस्तक लिहिलं. निव्वळ हौसेसाठी बनलेली ही पहिली कॅराव्हॅन मानतात. पाहून इतर हौशी श्रीमंत निघाले, स्वतःला 'जंटलमन जिप्सी' म्हणवू लागले आणि 1907 मध्ये त्यांचा कॅराव्हॅन क्लबही झाला. त्याच 1880 च्या दशकात जॉर्ज स्मिथ नावाचा सुधारक 'चालत्या घरां'च्या कायद्यासाठी मोहीम चालवत होता. चाकांवर राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाची नोंद व्हावी, आत शिरून तपासणी व्हावी, असा तो मसुदा. जत्रांतले खेळवाले त्याविरुद्ध 1889 मध्ये संघटित झाले आणि विधेयक पडलं. पुन्हा आणलं, पुन्हा पडलं.

आपल्याकडे मात्र त्याआधीच, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा लागू झाला होता. नोंद, हजेरी, पास, पुढे तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंट. साम्राज्य एकच. लंडनला संसदेत अडवता आलं ते कलकत्त्याला अडवायला आपलं कुणी नव्हतं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

अमेरिकेतल्या टायनी होम चळवळीने चाकं का स्वीकारली, हे इथे महत्त्वाचं आहे. तिथल्या बऱ्याच शहरांत घराचं किमान क्षेत्रफळ ठरलेलं असतं. त्याहून लहान घर बांधायला परवानगी मिळत नाही. मग जे शेफरसारख्या लोकांनी घर ट्रेलरवर बांधलं. कायद्याच्या नजरेत ते घर नव्हे, वाहन झालं आणि नियमातून सुटलं. 2008 च्या मंदीत अनेकांची घरं बँकांनी घेतल्यावर ही कल्पना पसरली. 2018 च्या नमुना बांधकाम संहितेत 400 चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी वेगळं परिशिष्टही आलं. म्हणजे चाकं लावून कायद्यातून पळवाट काढली आणि पुढे कायदाच वाकला.

रोमानींच्या बाबतीत कायदा उलट दिशेला वाकतो. ब्रिटनने 1968 मध्ये स्थानिक संस्थांवर त्यांच्यासाठी थांबण्याच्या जागा देण्याची जबाबदारी टाकली. ज्या जागा मिळाल्या त्यातल्या कितीतरी महामार्गाला, कचऱ्याच्या डेपोला, सांडपाणी प्रकल्पाला लागून. गावकुसाबाहेर म्हणजे काय, हे तिथेही कळतं. 1994 मध्ये ती जबाबदारीही काढून घेतली. 2011 मध्ये एसेक्समधल्या डेल फार्मची वस्ती पोलीस बंदोबस्तात उठवली. तिथली बहुतेक कुटुंबं आयरिश ट्रॅव्हलर होती, रोमानींहून वेगळा पण तोच मार खाणारा समाज. जमीन त्यांच्या स्वतःच्या मालकीची होती, बांधकामाची परवानगी नव्हती. 2022 च्या पोलीस कायद्याने परवानगीशिवाय जागेवर गाडीत राहणं, नुकसान किंवा उपद्रवाच्या शक्यतेच्या नावाखाली, फौजदारी गुन्हा केलं. शिक्षा तीन महिने कैद किंवा दंड, आणि गाडी जप्त. ज्याची गाडी हेच घर, त्याचं घर पुरावा म्हणून पोलीस ठाण्यात. मे 2024 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने या कायद्यातली एक तरतूद, एकदा हटवल्यावर बारा महिने त्या जागी परत यायचं नाही ही, मानवी हक्कांशी विसंगत ठरवली. बाकीचा कायदा उभाच आहे.

म्हणून आमचा आक्षेप गोल छपराला किंवा कोरीव लाकडाला नाही. कारागिरी फिरतच असते, वार्डोही मिश्र हातांनी घडली. आक्षेप या विभागणीला आहे की चाकांवरचं घर मध्यमवर्गीयाने घेतलं तर नियम बदलायची चर्चा होते आणि रोमानीने घेतलं तर गाडी जप्त होते. टायनी होमवाल्यांच्या संघटना परवानग्यांसाठी झगडतात, त्यांच्या मागणीपत्रात रोमानी आणि ट्रॅव्हलर कुटुंबांच्या थांब्यांचीही ओळ असावी. 'प्रेरणा' या शब्दाचं तेवढं तरी मोल द्यावं.

आणि आपल्याकडे? राजस्थानातून दिल्ली-हरियाणापर्यंत पसरलेल्या गाडुलिया लोहारांचं घर म्हणजे पितळी नक्षीची बैलगाडी. चित्तोड पडल्यावर घर न बांधण्याची शपथ घेतली, असं ते सांगतात. 1955 मध्ये नेहरूंनी त्यांना समारंभाने चित्तोडगडात नेलं. आज त्यांची गाडी राजस्थानी थाटाच्या हॉटेलांच्या अंगणात शोभेला उभी असते आणि ते स्वतः शहरांच्या पदपथावर ऐरण मांडून बसतात, बुलडोझर येईपर्यंत.

दुसरा आकडा बघा. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्र 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. महाराष्ट्रात विमुक्त-भटक्यांसाठीच्या यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेतलं घरही 269 चौरस फुटांचंच. अमेरिकन चिमुकल्या घराच्या कमाल मर्यादेहून हे बरंच लहान. त्यात सहा-सात माणसं, कोंबड्या, सुपं-टोपल्यांचा कच्चा माल, कधी गाढवही. याला कुणी मिनिमलिझम म्हणत नाही. पण हे घर बांधणाऱ्याने वार्डोकडून शिकण्यासारखं आहे: चूल कुठे, धूर कुठून, पोरं कुठे झोपणार, अवजारं कुठे राहणार. आपल्या घरांतून पहिल्यांदा आर्किटेक्चर आणि सिव्हिलला गेलेल्या मुलामुलींनी हा आराखडा करावा. पालात किती वस्तू किती जागेत बसतात, याचं मोजमाप त्यांच्या घरातच आहे.

आराखडा झाला तरी घरकुलाला जागा नावावर लागते आणि योजनेला जातीचा दाखला. विमुक्त-भटक्यांना दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीपासून महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा पुरावा द्यावा लागतो. तेव्हा ज्यांना गावात तीन रात्रींपेक्षा जास्त कुणी राहू देत नव्हतं, त्यांच्या नातवंडांकडून तहसील कार्यालय आज तो कागद मागतं. गृहचौकशी करून दाखला देण्याची मागणी संघटना वर्षानुवर्षं करत आहेत. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात ती पुन्हा मांडली जायला हवी.