पुण्याची ‘राजी’ कल्याणच्या संगणकापर्यंत पोहोचेल काय?

कल्याण / प्रतिनिधी

दोन दशकांपूर्वी कल्याण-डोंबिवलीतील अनेक तरुणांची संगणकीय खेळांशी पहिली ओळख झाली ती सायबर कॅफेत. तासाचे पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळायचा, नाहीतर मित्राकडून आणलेल्या सीडीवरून ‘नीड फॉर स्पीड’ घरच्या संगणकावर चढवायचा, असा तो काळ होता. आता सीडी गेली, ब्रॉडबँड घरोघरी आले आणि खेळ थेट इंटरनेटवरून विकत घेता येऊ लागले. तरीही बहुतेकांच्या तोंडी नावे असतात ती परदेशी कंपन्यांच्या अवाढव्य खर्चाच्या खेळांचीच. त्यांच्यासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड लागते आणि सवड तर त्याहूनही अधिक लागते. रोज लोकलने मुंबई गाठून रात्री परतणाऱ्या नोकरदाराकडे नेमकी तीच नसते.

या वर्गाला सोयीचे ठरणारे एक दालन गेल्या दीड दशकात बहरले आहे. मोठ्या कंपनीच्या भांडवलाविना, एकट्याने अथवा मूठभर मंडळींनी तयार केलेल्या या खेळांना ‘इंडी’ म्हणतात. अत्रे रंगमंदिरात गाजणारे व्यावसायिक नाटक आणि स्पर्धेतली एकांकिका यांत जे नाते आहे, तेच मोठ्या खेळांचे आणि यांचे. साधने तुटपुंजी असतात, पण विषय निवडण्याचे स्वातंत्र्य पुरेपूर असते.

घराजवळचे खेळ

या दालनातले ठळक मराठी मुलखातील नाव म्हणजे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’. असुरांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. राजस्थानी वास्तुशैलीचे महाल आणि छायाबाहुल्यांच्या रूपाने उलगडणारे प्रसंग ही त्याची वैशिष्ट्ये. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी अविचल सिंग यांनी आपले घर विकून काम पुढे नेले. ऑक्टोबर २०२० मध्ये संगणकावर आलेल्या या खेळाला त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाचे नामांकन मिळाले. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी संवादही आले. खेळ सुरळीत चालण्यासाठी बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड मात्र हवे.

साध्या संगणकाच्या धन्याने ‘अनरेस्ट’कडे वळावे. भारतातील ‘पायरोडॅक्टिल’ने २०१४ मध्ये आणलेल्या या खेळात दुष्काळाने होरपळलेले, प्राचीन भारताच्या धर्तीवर कल्पिलेले एक नगर आहे. तलवारीपेक्षा येथे संवाद महत्त्वाचा. कधी राजघराण्यातील, तर कधी गरिबाघरच्या माणसाच्या भूमिकेतून निर्णय घ्यावे लागतात आणि त्यांचे परिणाम भोगावे लागतात. तमिळ कुटुंबाच्या कॅनडातील संसारावरचा ‘वेनबा’ (२०२३) याहून मवाळ आहे. फाटक्या पाककृतीच्या वहीतून इडली-बिर्याणी जुळवता जुळवता आई आणि मुलगा यांच्यातील भाषेचे अंतर उलगडते. परदेशी नातवंडे असलेल्या कोणत्याही मराठी घराला ते ओळखीचे वाटेल. या खेळाला २०२४ मध्ये पदार्पणाचा ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळाला असून, तो एका संध्याकाळी पुरा होतो.

कल्याणकरांनी आवर्जून पाहावा असा आणखी एक खेळ न्यूझीलंडचा आहे. ‘मिनी मेट्रो’त (२०१५) स्थानके रेघांनी जोडायची आणि वाढती गर्दी सांभाळायची. गाड्या अपुऱ्या पडल्या, एखादे स्थानक तुंबले, की खेळ संपला. त्यात मुंबईचाही नकाशा आहे. कसारा आणि कर्जत मार्ग जेथे फुटतात, त्या जंक्शनच्या रहिवाशाला यातले मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय हा खेळ जुन्या संगणकावरही चालतो.

अडचण निर्मितीची की प्रसिद्धीची?

चांगले खेळ असूनही ते ठाऊक का नाहीत? ‘स्टीम’ या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानात २०२४ या एका वर्षात १८ हजारांहून अधिक खेळ दाखल झाले, म्हणजे दिवसाला सरासरी ५० च्या आसपास. जाहिरातीचे बळ नसलेला खेळ या लोंढ्यात वाहून जातो. विक्रीतील साधारण ३० टक्के वाटा दुकान कापून घेते. उरलेल्या रकमेतून कर, पगार आणि पुढील खेळाची बेगमी करायची असते.

शासन या क्षेत्राकडे पाहू लागले आहे. अॅनिमेशन आणि गेमिंग उद्योगासाठी राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ३,२६८ कोटी रुपयांचे, २०५० पर्यंतचे धोरण मंजूर केले. त्याआधी ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. एकदाच किंमत देऊन घेतलेला खेळ म्हणजे जुगार नव्हे. तरीही ‘गेमिंग’ या एकाच शब्दाखाली दोहोंची गल्लत होते आणि पालकांचा रोष सरसकट सर्वांवर ओढवतो. धोरणाचा लाभ मोठ्या स्टुडिओंपुरताच राहतो, की दोन-चार जणांच्या चमूपर्यंत झिरपतो, यावर त्याचे यश जोखावे लागेल.

ग्राहकाच्या हाती

तोवर किल्ली ग्राहकाकडेच आहे. ‘स्टीम’वर रुपयांत पैसे भरता येतात. वर्षातून अनेकदा सवलतीचे सप्ताह असतात आणि ‘नेक्स्ट फेस्ट’मध्ये आगामी खेळांचे नमुने फुकट चाखता येतात. खेळ पसंत न पडल्यास १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असल्यास पैसे परत मिळतात. ही सवलत ग्राहकहिताचीच आहे. परंतु दीड-दोन तासांत संपणारा खेळ पूर्ण खेळून पैसे परत मागणे म्हणजे नाटक शेवटपर्यंत पाहून तिकीट खिडकीशी हुज्जत घालण्यासारखे आहे. आवडलेल्या खेळाखाली दोन ओळींचा अभिप्राय लिहिणे मात्र जाहिरातीइतकेच मोलाचे ठरते, कारण दुकानात खेळाला उठाव मिळतो तो बऱ्याच अंशी अशा अभिप्रायांवरच. मोठ्या कंपनीला एका ग्राहकाने पाठ फिरवल्याने फरक पडत नाही. पुण्यातल्या वा भोपाळातल्या छोट्या चमूला पडतो. त्यांचा पहिला खेळ किती जणांनी विकत घेतला, यावरच दुसरा निघणार की नाही हे ठरते.