गांवची हलगी आणि शाळेचें संमेलन

आमच्या सातारा-सांगलीकडील खेड्यांत यात्रेच्या दिवशीं ढोल वाजूं लागला, म्हणजे घरांत कोणाचेंच मन लागत नाहीं. धनगरांचें गजीनृत्य ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस हें सांगावयास नको. पांढऱ्या पोशाखांतील गडी हातीं रंगीत रुमाल घेऊन ढोल-झांजेच्या ठेक्यावर रिंगण धरितात. एकाचें पाऊल चुकलें तर सारी रांग बिघडते. म्हणून बाप मुलास, थोरला धाकट्यास पाऊल टाकावयास शिकवितो. एरवीं बांधावरून भांडणारे भाऊबंदही तेथें एकाच ठेक्यावर नाचतात. हें शिक्षण कोणत्याही क्रमिक पुस्तकांत नाहीं.

परंतु या कला सबंध गांवास एक करितात, असें जें सरसकट म्हटलें जातें, तें आम्हांस मान्य नाहीं. ज्याच्या हलगीवांचून पालखी हालत नसे, तो हलगीवाला देवळाच्या पायरीखालींच उभा राहत असे. वाद्य सर्वांस हवें, वाजविणारा मात्र दूर! ही रेघ ओलांडणाराची काय गत झाली, तें पठ्ठे बापूरावांच्या चरित्रांत पाहावें. रेठरे हरणाक्ष (तेव्हां सातारा जिल्ह्यांत, आज सांगलींत) येथें १८६६ सालीं जन्मलेले हे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. ब्राह्मण कुळांतील हे गृहस्थ तमाशांत शिरले आणि महार समाजांतील पवळाबाईंबरोबर फडावर उभे राहिले. त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर गाजल्या. स्वजातीयांनीं मात्र त्यांस दूर लोटलें. १९४५ सालीं ते विपन्नावस्थेंत वारले.

तमाशाचें नांव काढतांच कित्येक पालक कपाळास आठ्या घालितात. फडावरील स्त्रियांचे जे हाल झाले ते पाहतां, त्यांचा संकोच अगदींच निराधार नाहीं. पण म्हणून देशी कलाच ख्रिस्ती शाळेस वर्ज्य ठरत नाहीं. १९१७ सालीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापणाऱ्या रेव्ह. टिळकांनीं अभंग व कीर्तन कधीं परकें मानलें नाहीं.

आमचीं मुलें संमेलनांत भाड्याचे फेटे बांधून ध्वनिमुद्रित गाण्यावर 'लोकनृत्य' करितात. त्यापेक्षां महिनाभर आधीं जवळच्या गांवचा हलगीवाला शाळेंत शिकवावयास बोलवावा, त्यास इतर शिक्षकांप्रमाणें मानधन द्यावें, आणि संमेलनाच्या दिवशीं पडद्यामागें नव्हे, पाहुण्यांच्या रांगेंत खुर्ची द्यावी. कोणी खर्चाची सबब सांगेल. पण फेट्यांचें भाडें आपण दरवर्षीं निमूटपणें देतोंच कीं!