मामाचा हापूस आणि माझा प्रॉम्प्ट

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. शनिवारची सकाळ, मी मस्त लोळत पडलेलो, आणि रत्नागिरीहून मामाचा फोन. एरवी मामाचा फोन म्हणजे "कधी येतोस?" एवढंच. त्या दिवशी आवाज वेगळा होता.

"काय रे, आपला आंबा सेंद्रिय कधीपासून झाला?"

माझी झोप जागच्या जागी उडाली.

झालं होतं असं. मामाची हापूसची कलमं आहेत. पूर्वी सगळा माल दलालामार्फत वाशीच्या मार्केटला जायचा. आता काही वर्षं निम्मा तरी माल तो थेट पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतो. जाहिरात म्हणजे काय, तर पाडव्याच्या आसपास व्हॉट्सॲपवर एक मेसेज : 'आंबा सुरू झाला. पाहिजे असल्यास कळवणे.' बास. मी म्हटलं, मामा, जग कुठे चाललंय आणि तू अजून 'कळवणे'वर? मी करतो तुझं मार्केटिंग. आयटीत आहे ना मी! चॅटजीपीटी उघडलं, 'रत्नागिरी हापूससाठी आकर्षक मराठी जाहिरात लिही' एवढं टाइप केलं आणि दहा-पंधरा सेकंदांत मजकूर हजर. वरवर वाचला, भारी वाटला, मामाच्या सगळ्या गिऱ्हाइकांना रवाना.

त्यात काय काय होतं? '१०० टक्के सेंद्रिय'. 'जीआय प्रमाणित'. 'मर्यादित साठा, आजच ऑर्डर करा'. आणि 'तुमच्या चवीच्या कळ्यांना जागं करणारा' हेही होतं. (चवीच्या कळ्या! कुठल्या मराठी माणसाने आयुष्यात हा शब्द वापरलाय?)

आता मामा मोहोरावर फवारण्या करतो. तुडतुडे आणि भुरी या दोन गोष्टींनी मोहोर गेला की वर्ष गेलं. तो हे कधी लपवत नाही, कोणी विचारलं तर काय मारलं, कधी मारलं सगळं सांगतो. कोथरूडच्या एक निवृत्त शिक्षिका त्याच्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांनी मेसेज वाचून फोन केला. "यंदा फवारणी बंद केलीत का हो? सुनेला दिवस गेलेत, म्हणून मुद्दाम विचारते."

मामाने खरं सांगितलं. "बाई, फवारणी आहे. भाच्याने चुकीचं लिहिलं." मग बसून एकेकाला फोन केले. मला ओरडला नाही, तेच जास्त लागलं.

तर मंडळी, मुद्दा असा की चूक कोणाची?

पहिल्या झटक्यात मी म्हणालो, एआयने थापा मारल्या. पण शांतपणे विचार केला तर त्याने त्याचं काम चोख केलं होतं. ही मॉडेल्स प्रचंड मजकुरावर शिकलेली असतात आणि आतापर्यंतच्या शब्दांना धरून पुढे काय येण्याची शक्यता आहे, ते बघत लिहीत जातात. आंब्याच्या जाहिरातींत 'सेंद्रिय' वारंवार येतं, म्हणून इथेही आलं. त्याला मामाची बाग माहीत नाही. मी सांगितलीच नव्हती! मी दिला एक रिकामा फॉर्म, त्याने तो जगभरच्या सरासरीने भरून दिला. ऑफिसात एखाद्या नव्या पोराला रिक्वायरमेंट न सांगता कोड लिहायला लावला आणि रिव्ह्यू न करता थेट प्रॉडक्शनला टाकला, तर आपण कोणाला शिव्या घालू?

आणि हे शब्द फुकटचे नसतात. 'सेंद्रिय'मागे एनपीओपी आणि पीजीएस अशा प्रमाणपत्रांच्या व्यवस्था आहेत. हापूसला २०१८ मध्ये जीआय मिळाला हे खरं, पण तो आपल्या मालावर लावायचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. मामाने ती केलेली नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उगाच 'मर्यादित साठा' म्हणून घाई करायला लावणं २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या नियमावलीत बसतं. त्या कायद्यासमोर 'एआयने लिहिलं' हे काही उत्तर नाही. आणि बाईंसमोर तर नाहीच नाही.

मग मी हट्टाने शिकायला बसलो. आधी सगळे जे करतात तेच केलं, म्हणजे '५०० जबरदस्त मार्केटिंग प्रॉम्प्ट्स' छाप यादी डाउनलोड केली. 'तू वीस वर्षांचा अनुभव असलेला कॉपीरायटर आहेस' वगैरे. भाषा जरा चकचकीत झाली, आंबा तोच राहिला, कोणाचाही. माझं स्पष्ट मत आहे की या याद्यांचा फारसा उपयोग नाही. जी माहिती कमी पडतेय ती यादी करणाऱ्याकडे नसते, ती मामाकडे असते.

म्हणून एका रविवारी मामाला फोन लावला आणि त्याला सांगून पाऊण तास रेकॉर्डिंग केलं. काय खजिना निघाला! फळ चौदा आणे तयार झालं की काढायचं, त्याआधी नाही. काढायचं ते झेल्याने, देठासकट, नाहीतर चीक सालीवर उतरतो आणि डाग पडतात. भाताच्या पेंढ्यात आढी घालायची. पूर्ण पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, साका. हापूसमध्ये कधीकधी आतला गर स्पंजासारखा पांढरट, आंबटसर निघतो. बाहेरून काही कळत नाही. "लोकांना वाटतं फसवलं," मामा म्हणाला. "अरे, मलाही कापल्याशिवाय दिसत नाही!"

एआयच्या एकाही मसुद्यात साका नव्हता. असेलच कसा? आपल्या मालातला दोष जाहिरातीत कोण लिहितं?

हे सगळं लिहून काढलं, मामाचे जुने चार मेसेज नमुन्याला जोडले (गिऱ्हाइकांची नावं, नंबर काढून, ते असल्या टूलमध्ये टाकायचे नाहीत, हा नियम). मग लगेच 'लिही' न म्हणता म्हटलं, 'आधी मला प्रश्न विचार. एका गिऱ्हाइकाला आंबा मागवण्याआधी काय काय जाणून घ्यावंसं वाटेल?' आणि इथे हा प्राणी खरोखर कामाला आला. पेटी घरी आल्यावर किती दिवसांत पिकेल? फळ खराब निघालं तर काय? कच्चं-पिकं मिसळून मिळेल का? पिकवायला काही वापरता का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मामा गृहीत धरत होता. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि आम्ही आढीतच पिकवतो, हे त्याने कधी लिहिलंच नव्हतं. त्याच्या दृष्टीने ते सांगायची गोष्टच नव्हती.

मग लिहायला सांगितलं, एका अटीवर : दिलेल्या माहितीबाहेरचं एकही विधान करायचं नाही, कमी पडलं तर विचारायचं. तरीही अधूनमधून हात मारतोच. म्हणून शेवटची पायरी, मजकुरातल्या प्रत्येक दाव्याची यादी त्याच्याकडूनच काढून घ्यायची आणि ती मामाला फोनवर वाचून दाखवायची. खरं, खोटं, खरं, खरं. पाच मिनिटांचं काम. यादीतूनही एखादा दावा निसटतो, म्हणून मूळ मजकूर स्वतः एकदा मोठ्याने वाचायचा. मोठ्याने वाचलं की 'प्रेमात पडायला तयार व्हा!' छापाची, इंग्रजीतून उचलून आणलेली वाक्यंही आपोआप खटकतात.

चित्राचाही प्रयोग केला. एआयने झाडावर लालबुंद आंबे लटकवले. मामा म्हणाला, "हा कुठला रे? आपल्याकडे असा आंबा लागला तर मीच घाबरेन." :-) शेवटी मामीने मोबाइलवर काढलेला फोटो लावला. जांभ्या दगडाची पडवी, खाली पेंढा, त्यावर आंबे. जरा हललेला आहे, पण आमचा आहे.

नवीन मेसेजमध्ये दोन ओळी अशा होत्या : 'मोहोरावर फवारणी केली आहे, तारखा विचारल्यास सांगू. एखाद्या फळात साका निघू शकतो, फोटो पाठवा, पुढच्या पेटीत भरून देऊ.' मी घाबरलो होतो, दोष सांगून कोण विकत घेईल? पण मामाच्या फोनवर उत्तरं आली ती याच ओळींना धरून. कोणी लिहिलं, साका म्हणतात होय त्याला, आम्हाला वाटायचं आंबा जुना आहे. बाईंनी यंदा सुनेसाठी नको म्हणून थोडा कमी मागवला. पण मागवला.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप करायचा तर एआय कशाला? माझा डिजिटल मार्केटिंगमधला एक मित्र हेच म्हणतो. त्याचं गणित सोपं आहे, दहा मिनिटांत तीस पोस्ट, एखादी तरी चालेल. मोठ्या ब्रँडला परवडत असेल बुवा. मामाचा सीझन जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा आणि गिऱ्हाइकं मोजकी, नावानिशी ओळखीची. तिथे तीस पोस्टचा पाऊस पाडून काय करू? मला टूलने वेळ वाचवून दिला तो लिहिण्यात, आणि तो वेळ मी मामाचं ऐकण्यात घातला. पहिल्या वेळी मी ऐकणंच वाचवायला गेलो होतो. तिथे सगळं फसलं.

एक भांडण मात्र शेवटपर्यंत चाललं. दर मसुद्याच्या शेवटी एआय 'आजच ऑर्डर करा!' टाकायचं, मी काढायचो, ते पुन्हा टाकायचं. शेवटी मामाला विचारलं, इथे काय लिहू? तो म्हणाला, "पाहिजे असल्यास कळवणे. त्यात काय वाईट आहे?"

काहीच नाही, मामा. तसंच ठेवलं.