तराजू नॅनो, पसारा खोलीभर

बार्सिलोनाजवळच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एका प्रोटॉनएवढे वजन ओळखणारा तराजू बनवला. कार्बनची एक नळी, लांबी दीडशे नॅनोमीटरच्या आसपास, दोन्ही टोकांना जखडलेली आणि सेकंदाला सुमारे दोनशे कोटी वेळा थरथरणारी. तिच्यावर रेणू येऊन बसला की तिची कंप्रता उतरते. पखवाजाच्या धुम्यावर कणीक चढवली की स्वर उतरतो, तसेच. किती उतरली, यावरून बसलेल्याचे वजन. नळी मुळातच इतकी हलकी, की १.७ योक्टोग्रॅमचा फरकही तिला कळला. ग्रॅममध्ये लिहायचे तर दशांशचिन्हापुढे तेवीस शून्ये आणि मग १७. तिने टिपलेले रेणू होते नॅफ्थलीनचे, म्हणजे आपल्या कपाटातल्या डांबरगोळीचे!

हे वाचून उद्या मोबाईलमध्येच श्वास हुंगून रोग सांगणारी चकती बसणार, असे भाकीत करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी या नळीचे नखरे एकदा पाहावेत. तिला निर्वात पोकळी लागते, द्रव हेलियमच्या आसपासची थंडी लागते, आणि अंगाला चिकटलेले जुने रेणू उडवायला आधी वीज खेळवून तिला तापवावे लागते. प्रोटॉन कळतो म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक आगंतुकही कळतोच. शिवाय रेणू मध्यावर बसला तर कंप्रता पुष्कळ उतरते, टोकाशी बसला तर जवळजवळ नाहीच. मग हलका रेणू मध्यावर बसला की जड रेणू कडेला, हे कसे ओळखायचे? कॅल्टेकच्या गटाने त्याच वर्षी आपल्या नॅनोपट्टीची दोन कंपने एकाच वेळी मोजून यातून वाट काढली. युक्ती देखणी आहे, पण पंप आणि शीतयंत्र तिनेही हटत नाहीत.

आमच्या मते या थरथरत्या उपकरणांची खरी कमाई वेगळीच आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांच्या गटाने एका अणूच्या जाडीचा ग्राफीनचा पडदा अधांतरी ताणला, तो थंड करत नेला आणि त्याची कंप्रता कशी बदलते ते टिपत गेले. उणे २४३ अंश सेल्सिअसपासून खोलीच्या तापमानापर्यंत ग्राफीन तापले की आकसते, असे त्यातून २०१० मध्ये दिसले. हे पक्के ज्ञान आहे. मात्र अनुदानाच्या अर्जात ‘समाजाला उपयोग’ असा रकाना आला, की एवढ्याने भागत नाही. मग तिथे रोगनिदानाची चकती लिहिली जाते, आणि बातमी तिथून उचलली जाते.